बारावं शीट

आमच्या गेमचं नाव मी सांगणार नाही. कंपनीने तशा सह्या घेतल्या आहेत, आणि नोकरी गेली तरी सह्या जात नाहीत. एवढं सांगतो की गेम अंतराळातला होता, जगभरातले हजारो लोक तो एकाच वेळी ऑनलाइन खेळायचे, आणि प्रत्येक खेळाडूकडे स्वतःचं एक यान असायचं. ती यानं काहीतरी उपयोगाची करणं हे माझं काम होतं.

गावात सगळ्यांना वाटायचं मी दिवसभर गेम खेळतो. ते समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. आमचं गाव अकोले, नगर जिल्ह्यातलं. विदर्भातलं अकोला वेगळं, हे पुण्याच्या ऑफिसात चार वर्षं सांगूनही कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. आता तर जिल्ह्याचंही नाव बदललंय, म्हणजे सांगायचा प्रश्नच मिटला.

यानांची अडचण अशी होती. खेळाडू महिनोन्महिने राबून यान मिळवायचे, त्याला रंग द्यायचे, आत दिवे लावायचे, आणि मग ते धक्क्यावर उभं करून निघून जायचे. कारण कुठल्याही ग्रहावर जायला गेममध्ये दारं होती. दारात पाऊल टाकलं की माणूस पलीकडे पोचलाच. लग्नात आलेलं मोठं पातेलं माळ्यावर पडून असतं तशी ती यानं पडून होती, आणि पडल्या पडल्या सर्व्हरवर भार टाकत होती. डिसेंबरात आमच्या टीमचा प्रमुख पार्थ म्हणाला की परदेशातल्या मुख्य ऑफिसने मार्चअखेरची मुदत दिली आहे. तोवर लोक यानं वापरायला लागले तर ठीक, नाहीतर यानं गेममधून काढून टाकणार.

मी तेव्हा घरूनच काम करत होतो. त्याचं कारण नाना. नाना म्हणजे माझे वडील, सहादू. त्यांनी सव्वीस वर्षं अकोले ते शेंडी काळीपिवळी जीप चालवली. शेंडी म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणाजवळचं गाव. मग साखरेने डोळे खाल्ले, डावा पुरता आणि उजवा निम्मा. लायसन्स काही पुन्हा झालं नाही, आणि मे महिन्यात जीप विकली. त्या दिवसापासून नाना ओट्यावर बसले ते बसलेच. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. ती दुपारी परत यायची तेव्हा झाकून ठेवलेली भाकरी तशीच असायची. ज्या माणसाने रोज शंभर जणांशी हुज्जत घालत आयुष्य काढलं तो दिवसाला चार वाक्यं बोलायला लागला, त्यातली दोन कुत्र्याला. हा माणूस असाच बसल्या बसल्या संपून जाईल अशी मला भीती वाटायची. कुणाला बोललो नाही, पण मी पुणं सोडून घरी राहिलो ते त्या भीतीपायी.

जानेवारीत मी रोज तासन्‌तास मीटिंगमध्ये बडबडत होतो. यानाला तोफा लावू. यानात भाजीपाला पिकवू. यानातून खनिज वाहून नेऊ. पार्थ सभ्य माणूस आहे, तो प्रत्येक वेळी "छान आहे, पण" म्हणायचा. एके दुपारी हेडफोन काढून मी कपाळ चोळत बसलो होतो, तर नाना दारात उभे.

"तुमच्या त्या गाडीत बसतं कोन?"

मी म्हणालो, ज्याची असेल तो.

"एकलाच?"

"एकटाच."

"मंग उभीच ऱ्हानार ती. एकल्याची गाडी हालंल कशाला?"

एवढं बोलून ते पुन्हा ओट्यावर गेले. आठ महिन्यांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता, आणि माझ्या चार जणांच्या टीमला महिनाभर जे सुचलं नव्हतं ते त्यात होतं.

पंधरा दिवसांत आम्ही फेरीची यानं तयार केली. गेमच्या अगदी कडेला पाच ठाणी होती. तिथे दारं नव्हती, म्हणून तिकडे कुणी फिरकत नव्हतं. आता ज्याच्याकडे यान आहे त्याने त्यात बारा सीटा बसवायच्या, धक्क्यावर माणसं भरायची आणि त्या ठाण्यांची फेरी मारायची. नियम मी लिहिले. त्यातला एक असा की बाराच्या बारा सीटा भरल्याशिवाय यान धक्का सोडणार नाही.

पार्थने विचारलं, अकराच आले तर? मी म्हणालो, बाराव्याची वाट बघायची. मला त्यात विचारण्यासारखं काही दिसलंच नाही. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. शाळेला, कॉलेजला, राजूरला मामाकडे, मी जिथे गेलो तिथे दाटीवाटीने भरलेल्या जीपमधून गेलो. निम्मी रिकामी गाडी वेळ झाली म्हणून निघते, हे मी पुण्यात पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते उधळेपणाचं वाटलं होतं. पार्थने तेव्हाच मला अडवायला हवं होतं असं आता म्हणतो खरा, पण त्याने अडवलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

चाचणीला चालक हवा होता. मी टीव्हीला कॉम्प्युटर जोडला, नानांच्या नावाने साधं खातं उघडलं आणि त्यांना समोर खुर्चीत बसवलं. मोठ्या आकृत्या त्यांना दिसायच्या. अक्षरं मी वाचून दाखवणार होतो. हातातला कंट्रोलर त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि हॉर्न कुठाय म्हणून विचारलं. हॉर्न नव्हता. मी दुसऱ्या दिवशी हॉर्न बसवला.

पहिले तीन दिवस कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी नानांनी माईक तोंडाशी ओढला आणि "ए चला शेंडी, शेंडी, राजूर, शेंडी" सुरू केलं. ठाण्यांची खरी नावं इंग्रजी आणि लांबलचक होती, ती पाठ करायला त्यांनी साफ नकार दिला. हा कोण कुठल्या भाषेत ओरडतोय हे बघायला लोक थांबायला लागले. मारिसेल नावाची फिलिपीन्सची एक नर्स पहिली येऊन बसली. यान कधी निघणार, तिने चॅटवर विचारलं. मी लिहिलं, भरलं की.

मग नानांचे ठेवणीतले डाव एकेक बाहेर आले. रिकाम्या गाडीत कुणी चढत नाही, म्हणून आधी आपलाच माणूस आत बसवायचा. तो माणूस मी. कंपनीच्या खात्यातून मी यानात जाऊन बसायचो आणि खरं शीट, म्हणजे खरा प्रवासी, आलं की उतरायचो. शेवटी एक कमी पडलं तर बारावाही मीच. शिवाय गाडी जरा पुढे घ्यायची आणि परत मागे घ्यायची, म्हणजे आता निघालीच असं वाटून लांबचा माणूस पळत येतो. यान धक्का सोडत नसलं तरी जागच्या जागी दोन हात मागेपुढे सरकतं, ही गोष्ट मला माहीत नव्हती. यान मी बनवलं होतं, आणि हे नानांनी शोधून काढलं.

सुरुवातीला लोक वैतागले. टोन्यो नावाचा ब्राझीलचा ट्रकवाला दहा मिनिटं शिव्या देत बसला होता. नानांनी त्या सगळ्या ऐकून घेतल्या आणि "बस बस, आलं आता" म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो परत आला. बसल्या बसल्या करायला काही नाही, म्हणून लोक बोलायचे. मारिसेलच्या वॉर्डातला म्हातारा, टोन्योचा तुंबलेला घाट, कुणाची परीक्षा, कुणाचं बाळंतपण. नाना सीटा ठरलेल्या असतानाही "जरा सरकून घ्या" म्हणायचे आणि ते सगळे उगाच हलल्यासारखं करायचे. फेब्रुवारी संपेपर्यंत संध्याकाळी पाच ते सात धक्क्यावर रांग लागायला लागली. सगळ्यांना "चला चला" आणि "एक शीट" येत होतं. पोलंडची एक बाई तर स्वतःचं यान घेऊन "शेंडी, शेंडी" ओरडायची, आणि नाना आमच्या रूटवर दुसरी गाडी कुणी घातली म्हणून रागवायचे.

भाकरी आता झाकून राहत नव्हती. विहारात रविवारी नाना चारचौघांत सांगायचे, माझ्या गाडीला बाहेरदेशीचं शीट असतं. मी खूश होतो. खरं सांगायचं तर जरा माजलोही होतो.

मार्चच्या मध्यावर पार्थचा फोन आला. मुख्य ऑफिसचा अहवाल आला होता. यानात बसलेला खेळाडू सरासरी चौतीस मिनिटं नुसता थांबून राहतो, आणि एका यानाच्या दिवसाला दोन फेऱ्याही होत नाहीत. चौतीस मिनिटं खेळाडू काहीच करत नाही, म्हणजे हा दोष आहे. मी फोनवरच त्याच्यावर चढलो. काहीच करत नाहीत म्हणजे काय, ते बोलत असतात. कुणी बांधून ठेवलंय का त्यांना, यानाची दारं उघडी आहेत, तरी उठत नाहीत.

"मला माहितीये," पार्थ म्हणाला. "मी स्वतः दोनदा नानांच्या यानात बसलोय. पण त्यांच्या तक्त्यात फेऱ्यांचा रकाना आहे, बोलण्याचा नाही. सम्राट, तू नियम बदल. चार माणसांवर यान निघू दे, मी आकडे सांभाळून घेतो."

मी नाही म्हणालो. निम्म्या गाडीचा नियम माझ्या हातून लिहून होणार नाही, असं तोऱ्यात म्हणालो. दोन दिवस अडून बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा राग उतरला, मी पार्थला फोन केला, तेव्हा तो म्हणाला की आदल्या संध्याकाळीच निर्णय झाला. यानं जाणार. त्या पाच ठाण्यांवरही दारं बसवणार. आता यानांच्या कुठल्याही नियमाला हात लावायला बंदी होती, मलाच काय, त्यालाही.

मी मुख्य ऑफिसला मोठं पत्र लिहिलं. तीन ओळींचं उत्तर आलं, त्यात गेमवरच्या माझ्या प्रेमाबद्दल आभार होते. मी दुसरं लिहिलं, त्याला उत्तर नाही. टोन्यो आणि मंडळींनी तीनशे सह्यांचा अर्ज टाकला, त्याखालची चर्चा बंद करण्यात आली. अठ्ठावीस तारखेला आमची टीम मोडली आणि माझं कंपनीचं खातं बंद झालं. नोकरी दुसरी मिळेल, तिचं मला फार नव्हतं. नानांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं, आणि मी एकेक दिवस ढकलत राहिलो.

तीस तारखेला सांगितलं.

"कवा?"

"उद्या. संध्याकाळी साडेपाचला."

"जीप दिली त्या दिशी शेंडीवरून मोकळी आनली हुती मी," ते म्हणाले. "घेनारा हितं अड्ड्यावर थांबला हुता म्हून. सव्वीस वर्सात तेवढीच फेरी मोकळी. लई लागलं जिवाला. उद्याची भरून नेऊ."

मी म्हणालो, नेऊ.

एकतीस तारखेला आम्ही तीन वाजताच बसलो. आईही अंगणवाडीतून येऊन मागे बसली. धक्का ओस पडला होता. कंपनीने नव्या दारांच्या उद्‌घाटनाला बक्षिसं ठेवली होती, सगळी गर्दी तिकडे. मारिसेल आली, ड्यूटी बदलून घेतली म्हणाली. टोन्यो ट्रक बाजूला लावून फोनवरून आला. नेहमीचे एकेक करत साडेचारपर्यंत सात झाले, पाचला अकरा. मग कुणी येईना.

"एक शीट," नाना माईकमध्ये म्हणत होते. "ए चला, एक शीट, एकच शीट, निघाली गाडी."

हॉर्न दिला. यान दोन हात पुढे घेतलं, मागे घेतलं. इतक्या दिवसांत अशा वेळी बारावा मी असायचो. आई माझ्याकडे बघत होती. तिलाही ते माहीत होतं. तिच्या फोन नंबरावर मी नवीन खातं उघडलं, पण नव्या खेळाडूला आधी शिकवणीचे धडे संपवावे लागतात, त्याशिवाय धक्क्यावर सोडत नाहीत, आणि ते धडे तीन तासांचे. ते चुकवायची वाट फक्त कंपनीच्या खात्यातून होती. खातं बंद झाल्यापासून तीन दिवस माझ्या हातात होते. त्या तीन दिवसांत एक साधं खातं उघडून ठेवायचं मला सुचलं नाही, मी पत्रातली वाक्यं सुधारत बसलो होतो. माझ्यासारखा मूर्ख मीच.

पार्थला फोन लावला. त्याने कट केला आणि मीटिंगमध्ये असल्याचा मेसेज पाठवला. कसली मीटिंग ते मला ठाऊक होतं. साडेपाचला यानं बंद करणारे सगळे त्या मीटिंगमध्ये बसले होते. मी लिहिलं, नानांच्या यानात एक शीट कमी आहे, दोन मिनिटं ये. वाचल्याची निळी खूण आली. तो काही आला नाही.

पाच वीसला टोन्यो कुणाला तरी धरून आणतो म्हणून उतरला, आणि दहा राहिले. चार मिनिटांनी तो एकटाच परत आला. चॅटवर ते अकराही जण "एक शीट, एक शीट" लिहीत होते, जसं काही लिहिल्याने कुणी येणार होतं. नानांचा आवाज बसला. त्यांनी माईक मांडीवर ठेवला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "अकरावर काढू."

नानांच्या तोंडून हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"काढ सम्राट. एक शीट मोकळं. चालतंय."

मी म्हणालो, नाना, निघत नाही ते.

"बटन दाब की."

"बटण लागतच नाही. बारा झाल्याशिवाय नाही लागत."

"कुनी करून ठेवलं आसलं?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवून उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आरं, गाडी भरून न्यायची ती पोटासाठी," ते म्हणाले. "पन आडलेलं मानूस आसलं तर मी एकल्यालाबी नेलंय. बाळंतिणीला नेलंय. साप चावलेला नेलाय. तवा काय बारा मोजीत बसायचं? तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

मला माहीत होतं. लहानपणी जेवता जेवता ताट सरकवून गाडी काढणारे नाना मी कितीदा पाहिले होते. नियम लिहिताना मला त्यातलं काहीच आठवलं नाही. मला फक्त भरलेली गाडी आठवली. एक ओळ जास्तीची लिहिली असती, चालकाला वाटलं तर निघता येईल, एवढीच, तर पार्थचे आकडेही सावरले असते आणि ही फेरीही गेली असती. आता ती ओळ लिहायला मला कुठूनच आत जाता येत नव्हतं. स्वतः बांधलेल्या यानासमोर मी हात बांधून बसलो होतो.

पाच एकोणतीस झाले. नानांनी माईक उचलला नाही. कंट्रोलर धरून यान दोन हात पुढे घेतलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे घेतलं. कुणीतरी "चला चला" लिहिलं. मग पडदा निळा झाला आणि मधोमध इंग्रजीत दोन ओळी आल्या.

नानांनी काय लिहिलंय विचारलं. मी म्हणालो, आभार मानलेत.

ते तसेच बसून राहिले, तोंड पडद्याकडे. आईने उठून चहा टाकला. जरा वेळाने त्यांनी हलकेच विचारलं,

"उतरली का रे समदी नीट?"

"उतरली, नाना," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. कंट्रोलर टीव्हीखालच्या फळीवर ठेवला, भिंतीला हात लावत लावत बाहेर गेले आणि ओट्यावर बसले.